सेलेस्ट क्लासिक : फुकट, छोटा आणि मेलं तरी सोडवत नाही असा गेम

घाटवाट

नमस्कार मंडळी. इथे गेमिंगवर धागा निघाला की तो 'कोणतं ग्राफिक कार्ड घेऊ' आणि 'अमुक गेम शंभर जीबीचा का' यातच संपतो. हा धागा अगदी उलट टोकाचा आहे. ३२ किलोबाइटमध्ये मावणारा, ब्राउझरमध्येच चालणारा, एक पैसाही न मागणारा गेम : सेलेस्ट क्लासिक.

मॅडी थॉर्सन आणि नोएल बेरी या दोघांनी तो २०१५ साली चार दिवसांत केला. पुढे हीच कल्पना वाढवून मोठा 'सेलेस्ट' जानेवारी २०१८ मध्ये विकत मिळायला लागला आणि त्याच वर्षी द गेम अवॉर्ड्समध्ये त्याला सर्वोत्तम इंडी (म्हणजे छोट्या, स्वतंत्र टीमने केलेल्या) गेमचं बक्षीसही मिळालं. मोठ्याबद्दल लोकांनी ढीगभर लिहिलंय. मला बोलायचंय ते या धाकट्याबद्दल. (वयाने तोच मोठा, पण असो.)

लाल केसांची एक चिमुकली मुलगी, बर्फाचा डोंगर, आणि वर जायचं. बस्स. एक स्क्रीन म्हणजे एक खोली. वरच्या कडेतून बाहेर पडलात की पुढची खोली, आणि मधोमध पाटी येते : १०० मीटर, २०० मीटर, ३००... बटणं दोनच. एक उडीचं, एक डॅशचं. डॅश म्हणजे हवेतल्या हवेत आठांपैकी कुठल्याही दिशेला मारलेली सणसणीत झेप. ती एकदाच मिळते, पाय जमिनीला लागले की पुन्हा भरते. डॅश शिल्लक असेल तर केस लाल, संपला की निळे. त्यासाठी कोपऱ्यात पट्टी नाही, आकडा नाही. नजर मुलीवरून हलवावीच लागत नाही.

खिळ्यांवर पडलात की तिचे आठ ठिपके होऊन आठ दिशांना उडतात आणि अर्ध्या सेकंदात ती त्याच खोलीच्या तळाशी परत उभी. लाइफ मोजून दिलेल्या नाहीत, 'गेम ओव्हर' नाही, पहिल्यापासून सुरुवात नाही. अट एकच, गेम सेव्ह होत नाही. टॅब बंद केला की पुन्हा १०० मीटर.

माझं म्हणणं असं की हा गेम अवघड आहे, पण खडूस नाही. आणि हा फरक कळण्यासाठी याच्याइतकं सोपं उदाहरण मला दुसरं सापडलेलं नाही. खेळून बघा आणि इथे येऊन भांडा.

मिसळीचा कट

ऑफिसात उघडला. जेवणाची सुट्टी संपली, मीटिंग संपली, मी ७०० मीटरवर. धागाकर्त्याचा तीव्र णिषेढ.

शंकासुर

खेळलो. वाईट नाही. पण मूळ मुद्दा विचारतो. हे चौकोनी ठिपक्यांचं प्रकरण अजून किती वर्षं चालणार? १९८५ सालच्या मारिओला ठिपके होते कारण त्या यंत्राची तेवढीच कुवत होती. २०१५ साली कोणाच्याही खिशातला फोन त्याच्या हजारपट ताकदीचा होता. मग मुद्दाम १२८ गुणिले १२८ ठिपक्यांचा पडदा कशाला? लहानपणी टीव्हीला व्हिडिओगेम जोडून '९९९ इन १' वाली कॅसेट फुंकर मारून खेळलेल्या पिढीला गहिवर यावा म्हणून?

कोरी पाटी

शंकासुर, प्रश्न रास्त आहे पण तो या गेमला नाही, हा गेम ज्यावर केलाय त्या पिको-८ ला विचारायला हवा.

पिको-८ हे जोसेफ व्हाइट यांनी केलेलं एक काल्पनिक गेमिंग यंत्र आहे. म्हणजे असा डबा कधी कुठल्या कारखान्यात बनलाच नाही, तो फक्त सॉफ्टवेअरमध्ये आहे. पण त्याला खऱ्या डब्यासारख्या मर्यादा ठरवून दिल्या आहेत. पडदा १२८ बाय १२८. रंग १६, तेही ठरलेले. आवाजाचे चार चॅनल. कॅसेट ३२ किलोबाइटची. कोड लुआ भाषेत, तोही ८१९२ टोकनांच्या (टोकन म्हणजे कोडमधला एकेक शब्द किंवा चिन्ह) आत. चित्र काढायचं, नकाशा मांडायचा, आवाज करायचा, कोड लिहायचा, सगळं त्याच एका खिडकीत. तयार गेम तुम्ही इतरांना देता तो कॅसेटच्या चित्राच्या रूपात. ती चक्क एक पीएनजी फाइल असते, आणि अख्खा गेम त्या चित्राच्याच ठिपक्यांत दडवलेला असतो.

आता मजा बघा. या यंत्रात नकाशासाठी जागा आहे १२८ बाय ६४ चौकटींची. एका पडद्यावर १६ बाय १६ चौकटी मावतात. भागाकार करा : आडव्या ८, उभ्या ४, एकूण ३२ खोल्या. सेलेस्ट क्लासिकमध्ये १०० ते ३००० मीटरच्या ३० खोल्या, एक शिखराची आणि एक सुरुवातीच्या नावाच्या पाटीची. झाल्या ३२. नकाशाचा शेवटचा चौकोनसुद्धा रिकामा नाही. डोंगर किती उंच, हे गोष्टीने ठरवलेलं नाही. जागा जिथे संपली तिथे शिखर आलं!

आणि ही पूर्ण जागा वापरायची तर किंमत मोजावी लागते. नकाशाचा खालचा अर्धा भाग आणि चित्रांच्या तक्त्याचा खालचा अर्धा भाग यांची मेमरी एकच आहे. एकाला दिली की दुसऱ्याची गेली. त्यांनी ती नकाशाला दिली, म्हणजे चित्रांना उरल्या ८ बाय ८ च्या १२८ चौकटी. मुलगी, बर्फ, खिळे, ढासळणाऱ्या विटा, फुगे, स्ट्रॉबेऱ्या, झाडंझुडपं, सगळं त्यात.

शंकासुर

हिशोब आवडला. पण तरी म्हणतो, मर्यादा स्वतःच घालून घेतलेली. स्वतःच्या हाताने स्वतःला कोंडून घ्यायचं आणि बाहेर आल्यावर टाळ्या घ्यायच्या, यात कौतुक कसलं?

पेठेतला पाहुणा

कौतुक गेम पूर्ण झाला याचं! इंजिनिअरिंगला असताना आमच्या रूमवर चौघांनी मिळून गेम काढायला घेतला होता. शिवकालीन, थ्रीडी, खुलं जग, घोडे. वर्षभरात काय झालं? मेन्यू. मेन्यू मात्र झकास होता, तुतारी वाजायची.

जागाच नसती तर घोडे सुचलेच नसते, आणि कदाचित एखादा मावळा गडावर पोचला असता.

घाटवाट

@पेठेतला पाहुणा, हसून हसून पुरेवाट. तुतारीची फाइल असेल तर टाका इथे.

पण मुद्दा बिनतोड आहे, आणि याच मंडळींच्या बाबतीत तो उलट बाजूनेही दिसतो. मोठ्या सेलेस्टनंतर त्यांच्या स्टुडिओने 'अर्थब्लेड' नावाचा गेम हाती घेतला. काही वर्षं काम चाललं आणि जानेवारी २०२५ मध्ये तो रद्द केल्याचं त्यांनीच जाहीर केलं. अनुभव होता, नाव होतं, एका यशस्वी गेमचे पैसेही होते. चार दिवसांचा मात्र पूर्ण झालेला आहे आणि आजही लोक खेळतायत.

रानजाई

घाटवाट दादा, मुलगा पाचवीत आहे. त्याला दिला तर चालेल का? फोनवरच्या फुकट गेममध्ये दर दोन मिनिटांनी जाहिरात येते आणि तो कशावर तरी दाबून ठेवतो, म्हणून विचारतेय. इंग्रजी वाचावं लागतं का?

घाटवाट

ताई, बिनधास्त द्या. गेममध्ये जाहिरात नाही, खरेदी नाही, अनोळखी माणसांशी गप्पा नाहीत. रक्तबिक्त नाही, ठिपके उडतात तेवढंच. वाचायला मीटरच्या पाट्या आणि मध्ये एका ठिकाणी एक ओळ. पिको-८ वाल्या जोसेफ व्हाइट यांच्या लेक्सॅलॉफल या साइटवर आहे, तिथेच खेळता येतो.

फक्त फोनवर देऊ नका. फोनच्या पडद्यावर बटणांची चित्रं येतात, पण तिरका डॅश मारताना अंगठा घसरतो आणि पोरगं उगाच रडकुंडीला येतं. कीबोर्ड हवा. बाण दिशेला, सी किंवा झेड उडीला, एक्स डॅशला. लॅपटॉपचा बाणांचा कोपरा फारच चिमुकला असेल तर दहा मिनिटांनी मनगट दुखतं, साधा यूएसबीचा कीबोर्ड जोडून द्या.

उंबरठा

"अवघड आहे पण खडूस नाही" म्हणे! ६०० मीटरवर सोडला. मी उडीचं बटण दाबलेलं असतं आणि ही बया कड्यावरून सरळ खाली. असल्या गेमला आमच्याकडे खडूसच म्हणतात.

घाटवाट

उंबरठा, याचीच वाट बघत होतो.

या गेमचा कोड उघडा आहे. कॅसेट उतरवून पिको-८ मध्ये उघडली की ओळ न् ओळ वाचता येते. त्यात काय सापडतं बघा. गेम सेकंदाला ३० फ्रेम चालतो, म्हणजे पडद्यावरचं चित्र सेकंदाला ३० वेळा बदलतं.

मुलीचे पाय कड्यावरून सुटले तरी पुढच्या सहा फ्रेमपर्यंत गेम तिला जमिनीवरच धरतो. म्हणजे ०.२ सेकंद ती हवेत असते आणि तरी उडी मारू शकते. उलटं, जमिनीला टेकायच्या चार फ्रेम आधी तुम्ही घाईने उडीचं बटण दाबलंत तर ते दाबणं वाया जात नाही. गेम ते लक्षात ठेवतो आणि पाय टेकताच उडी मारून देतो. भिंतीवरून उलटी उडी घ्यायला भिंतीला चिकटावं लागत नाही, तीन ठिपके दूर असलात तरी चालतं.

मुलीचं चित्र ८ बाय ८ ठिपक्यांचं आहे, पण मार लागतो तो त्यातल्या ६ बाय ५ भागालाच. वरच्या तीन ओळी, म्हणजे जवळजवळ सगळं डोकं, कशालाही लागत नाही. खिळे तर त्याहून भारी. टोकं वर असलेल्या खिळ्यांवर तुम्ही पडलात तर मरता. पण त्याच खिळ्यांमधून खालून वर जात असाल तर गेम काणाडोळा करतो. उडीच्या अगदी माथ्यावर, वेग जवळपास शून्य होतो तिथे, गुरुत्वाकर्षण निम्मं केलेलं आहे. क्षणभर तरंगायला मिळतं, त्यात पुढचं ठरवा.

चार दिवस हातात असताना एवढं सगळं खेळणाऱ्याच्या बाजूने लिहिलंय. खडूस माणूस हे करत नाही.

उंबरठा

एवढी दया आहे तर मला दिसली का नाही?

कोरी पाटी

दिसत नाही म्हणूनच चांगली आहे. तो सहा फ्रेमचा आकडा कोडमध्ये एक करून खेळून बघा. हे खरंच करता येतं, एका ओळीचं काम आहे. पाच मिनिटांत "कीबोर्ड खराब झालाय" असं वाटायला लागेल. उडी, धावणं, भिंत, खिळे सगळं जागच्या जागी असतं, पण गेम तुटका वाटतो. आपला डोळा आणि आपलं बोट यांत नेहमीच थोडं अंतर असतं. ते अंतर गेमने भरून काढलं नाही तर आपण दोष यंत्राला देतो.

बाय द वे, तुमची उडी जात नाही त्याचं कारण बहुतेक वेगळं आहे. उडीचं बटण दाबून धरून ठेवता का? गेम फक्त नव्याने दाबलेलं मोजतो. बोट उचलून पुन्हा दाबा.

उंबरठा

...धरून ठेवत होते. बघते.

सांडगी मिरची

मी ॲनिमेशनमध्ये काम करते, त्यामुळे माझी नजर वेगळीकडे गेली. केस! ती केसांची शेपटी चित्र म्हणून काढलेलीच नाही. पाच छोटी वर्तुळं आहेत, प्रत्येक वर्तुळ आपल्या पुढच्याच्या मागे धावतं आणि थोडं मागे राहतं. पहिली दोन मोठी, बाकीची एका ठिपक्याच्या त्रिज्येची. उडी मारली की शेपूट खाली लोंबते, पडताना वर उडते, वळली की भोवती फिरते. एकही फ्रेम हाताने काढावी लागलेली नाही. आमच्याकडे ज्युनिअर मुलं अशा शेपटीवर आठवडा घालवतात आणि तरी ती लाकडासारखी दिसते.

दुसरं म्हणजे डॅशचा क्षण. बटण दाबलं की अख्खा गेम दोन फ्रेम थांबतो, मग पडदा थरथरतो, मग ती सुटते. दोन फ्रेम म्हणजे सेकंदाचा पंधरावा भाग. डोळ्याला ते थांबणं जाणवतही नाही, पण झेपेला वजन येतं. कॅरम खेळताना स्ट्रायकर मारायच्या आधी बोट क्षणभर ताणून धरतो ना, अगदी तसं.

शंकासुर, ठिपके थोडे आहेत म्हणून हे सुचलं असं मी म्हणणार नाही. पण ठिपके थोडे आहेत म्हणून हे दिसतं. चेहऱ्यावर हावभाव काढायला जागाच नाही, तेव्हा सगळा अभिनय केसांकडे आणि थरथरीकडे गेला.

शंकासुर

केसांचा मुद्दा मान्य. यावर माझ्याकडे उत्तर नाही. थरथर मात्र मला डोक्यात जाते, बंद करायची सोय हवी होती. ज्यांना चक्कर येते त्यांचं काय?

सांडगी मिरची

ते बरोबर आहे. मोठ्या सेलेस्टमध्ये ती सोय आहे, शिवाय 'असिस्ट मोड' आहे : गेमचा वेग कमी करा, हवं तर अमर व्हा, कोणी हिणवणार नाही. क्लासिकमध्ये यातलं काहीच नाही. चार दिवसांचा हा तोटा धरायला हवा.

बर्फाळ बाई

मी व्हँकुव्हरहून. यांचा स्टुडिओ आमच्याच शहरातला, आणि मोठ्या गेममधला डोंगर कॅनडातच दाखवलाय. गेमच्या पडद्यावर सतत आडवा बर्फ उडत असतो, तो अगदी खराखुरा वाटतो. इथे बर्फ वरून खाली हळुवार पडतो तो फक्त कार्डांवर. डोंगरात तोंडावर येतो.

मला क्लासिकमधली सगळ्यात आवडलेली खोली म्हणजे १२०० मीटरची. तिथे आकडा येतच नाही, पाटी येते 'जुनी जागा' अशा अर्थाची. चढताना जीव गमावलेल्यांसाठी एक स्मारक उभं आहे, त्याच्यापाशी गेलं की एक ओळ उमटते. पूर्ण गेममध्ये तेवढंच वाचायला आहे. मोठ्या गेममध्ये मॅडलिन नावाची नायिका, तिची चिंता, तिचं नैराश्य, तिचं दुसरं रूप, सगळं सविस्तर आहे आणि ते चांगलंच लिहिलंय. पण मला ती एक ओळ पुरली होती.

घाटवाट

इथे माझा थोडा मतभेद. मोठ्यातली गोष्ट मला खूप जवळची वाटली. पण त्यासाठी वेगळा धागा काढू, नाहीतर हा भरकटेल.

पेठेतला पाहुणा

भरकटवतोच थोडा. फुकट आणि ठिपक्यांच्या गेमांची गोष्ट निघाली तर 'केव्ह स्टोरी' विसरून कसं चालेल? दाइसुके अमाया या एकट्या माणसाने पाच वर्षं फावल्या वेळात केला आणि २००४ मध्ये फुकट वाटला. चित्र, संगीत, गोष्ट, कोड, सगळं एकट्याचं. डेरेक यू यांचा मूळचा 'स्पेलंकी' २००८ चा, तोही फुकट. दोन्ही नंतर सजूनधजून विकायला आले, पण मूळ फुकटचे फुकटच राहिले.

मिसळीचा कट

केव्ह स्टोरी छोटा नाही हो. तो काढला तर माझी नोकरी जाईल. मला छोटे सांगा.

कोरी पाटी

छोटा हवा तर सेलेस्ट क्लासिकचाच दुसरा भाग घ्या. मोठ्या सेलेस्टच्या तिसऱ्या वाढदिवसाला, जानेवारी २०२१ मध्ये आला. तीन दिवसांत केला, तोही पिको-८ वर. यात डॅश काढून टाकलाय आणि हातात दोरीचा आकडा दिलाय. भिंतीला आकडा लावा आणि स्वतःला ओढून घ्या. संगीत लेना रेन यांचं, ज्यांनी मोठ्या सेलेस्टचं केलं त्याच. मला विचाराल तर पहिल्याची सर नाही. आकड्याची सवय होईपर्यंत गेम संपतो. जानेवारी २०२४ मध्ये 'सेलेस्ट ६४' आला, तोही फुकट, पण तो थ्रीडी आहे.

आणि मोठा सेलेस्ट कोणी विकत घेतलेला असेल तर क्लासिक त्याच्या आतच लपवलेला आहे. हॉटेलच्या भागात नीट हिंडा, एक जुना कॉम्प्युटर सापडेल.

शंकासुर

कोड उघडा आहे म्हणालात. म्हणजे स्वतःच्या खोल्या करता येतात?

कोरी पाटी

येतात आणि लोकांनी भरपूर केल्यात. नकाशाची खिडकी उघडायची, विटा-खिळे ठेवायचे, चालवून बघायचं. यासाठी पिको-८ विकत घ्यायलाच हवं असंही नाही. शिकणाऱ्यांसाठी ब्राउझरमध्ये चालणारी त्याची एक फुकट आवृत्ती आहे. रानजाई ताई, मुलाला गेम आवडला तर पुढची पायरी हीच. पाचवीच्या मुलाला 'व्हेरिएबल म्हणजे काय' हे सांगत बसण्यापेक्षा गुरुत्वाकर्षणाचा ०.२१ हा आकडा दाखवा आणि म्हणा, हा बदल, काय होतं बघ. ०.०५ केला की ती फुग्यासारखी वर जाते. माझ्या पुतण्याने तासभर फक्त हाच एक आकडा बदलला.

नकाशा काढताना एक गोष्ट मात्र नीट बघा. खोलीत शिरल्यावर पहिली उडी जिथे मारावीशी वाटते, तिथे मूळ गेममध्ये खिळा क्वचितच असतो. आधी वस्तू दाखवतात, मग तिची चूक परवडेल अशी जागा देतात, आणि मग खाली खिळे येतात. ढासळणारी वीट घ्या. पाय पडला की अर्ध्या सेकंदाने ती जाते आणि दोन सेकंदांनी परत येते. हे कुठे लिहिलेलं नाही, पण पहिल्यांदा भेटते तिथेच कळून जातं. नवशिक्यांच्या खोल्यांत सगळा कचरा एकदम असतो : वीट, फुगा, स्प्रिंग, खिळे, आणि वर "बघा किती अवघड केली".

रानजाई

मुलाला दिला. तो माझ्यापुढे गेलाय हे आधी सांगते, म्हणजे कोणी विचारायला नको. तो म्हणतो, "आई, मेलीस की लगेच चालू होतं, मग घाबरतेस कशाला?" काल रात्री त्याचे बाबा पण बसले. आज डाळ करपली.

उंबरठा

६०० पार. मग ९००, मग कधी २००० झाले कळलं नाही. बोट उचलायचं होतं फक्त. २२०० ला पेटी उघडली आणि त्यातून चकाकतं काहीतरी निघालं. आता केस हिरवे-पांढरे लुकलुकतात. हे काय?

घाटवाट

अभिनंदन! आता हवेत दोन डॅश मिळतात. केस लुकलुकतात म्हणजे दोन शिल्लक, लाल म्हणजे एक, निळे म्हणजे संपले. इथून पुढच्या आठ खोल्या दोन डॅश धरूनच रचल्या आहेत. वेगाची शर्यत करणाऱ्या खेळाडूंनी ते रत्न न उचलता पुढे जायचा प्रकारही सुरू केलाय, पण ते आपलं काम नाही.

सांभाळून, आता दोन डॅश आहेत म्हणून दोन्ही लगेच उधळायचा मोह होतो. पहिला मारल्यावर उडीच्या माथ्यापर्यंत थांबायचं, मग दुसरा.

उंबरठा

पोचले!! झेंडा आला, घड्याळ थांबलं. मेल्याचा आकडा पण दाखवतात शेवटी, तो मी सांगणार नाही. स्ट्रॉबेऱ्या मात्र फारच कमी.

मिसळीचा कट

एकूण १८ असतात. मी सगळ्या गोळा करायच्या मागे आहे, पण पंख असलेली एक आहे ती काही हाती लागत नाही. मी जवळ जायच्या आत भुर्रकन उडून जाते. शिवाय एका भिंतीत काही तरी आहे असा संशय आहे. मदत करा, सोमवारी अप्रेझल आहे आणि डोक्यात हेच चाललंय.

कोरी पाटी

पंखवाली डॅशच्या आवाजाने उडते असं समजा. त्या खोलीत तुम्ही एकदा जरी डॅश मारलात तरी ती जाते. तेव्हा नुसत्या उड्या आणि भिंतीवरच्या उलट्या उड्या यांवर तिच्यापर्यंत पोचा, खाऊन झाल्यावर मग हवे तेवढे डॅश मारा. उडून गेली तर खिळ्यावर जाऊन मरा, खोली पुन्हा सुरू होते आणि ती परत जागेवर असते.

भिंतीतला संशय बरोबर आहे. काही खोल्यांत भिंतीचा एक तुकडा खोटा असतो. त्यावर चालून काही होत नाही, डॅश मारत आदळा, फुटतो आणि आतून स्ट्रॉबेरी निघते. किल्ली दिसली तर ती उचला, त्याच खोलीतली पेटी हलायला लागेल.

आणि एक. मोठ्या सेलेस्टमध्ये स्ट्रॉबेरी उचलल्यावर सुखरूप जमिनीला टेकावं लागतं, तेव्हाच ती तुमची. क्लासिकमध्ये ही अट नाही. हात लागला की मोजली गेली, मग खाली खिळे असोत नाहीतर खड्डा.

मिसळीचा कट

म्हणजे खाऊन मेलं तरी चालतं. हे आधी सांगायचं ना राव, दोन दिवस परतीचा रस्ता शोधतोय.